‘नाही’ कोणाचे?

स्वल्पविरामापाशी ‘एक’ म्हणण्याइतके थांबावे, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. पण तो मुळात द्यावा कोठे, हे कोणी सांगितले नाही. त्यामुळे मुले दम लागेल तिथे स्वल्पविराम देत, आणि धापा टाकणाऱ्यांचे निबंध फार शुद्ध ठरत.

दोष मुलांचा नव्हे. हे चिन्हच मुळी पाहुणे. मेजर कँडीसाहेबांनी १८५० च्या सुमारास ते मराठीत रुजवले. त्याआधीची मोडी कागदपत्रे धुळ्याच्या राजवाडे मंडळात जाऊन पाहावीत. विराम तर सोडाच, दोन शब्दांत फटही नाही! तरी राज्ये चालली. आणि आसोद्याच्या बहिणाबाईंना तर लिहिताच येत नव्हते. त्यांच्या ओवीचे काही अडले नाही. बोलणारा समोर असला, की त्याची मान, हात आणि भुवई विराम देतात. ‘काय भो...’ म्हणून माणूस थांबला, की तो उसने मागणार, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळते.

कागदाला भुवई नसते, पंचाईत तिथे आहे.

समजा, मुलगी पाहून गेलेल्या धुळ्याच्या मंडळींनी जळगावला तार केली (तारसेवा २०१३ साली बंद झाली, तेव्हा गोष्ट जुनी समजावी): ‘मुलगी पसंत नाही म्हणू नका.’ मुलीचे वडील कागद हातात घेऊन उभे. ‘मुलगी पसंत, नाही म्हणू नका’ असे वाचले, तर पेढे आणायचे. ‘मुलगी पसंत नाही, म्हणू नका’ असे वाचले, तर घरात कोणाला काही सांगायचे नाही. इथे दमाचा प्रश्नच येत नाही. सगळे एका श्वासात म्हणता येते. प्रश्न एवढाच, की मधले ‘नाही’ कोणाचे? ‘पसंत’च्या घरचे, की ‘म्हणू’च्या? ते ज्याचे त्याला द्यावे आणि मध्ये बांध घालावा. स्वल्पविराम म्हणजे शेताचा बांध हो, रसवंतीचे बाकडे नव्हे!

‘ध’चा ‘मा’ करताना आनंदीबाईंना, म्हणतात, निदान एक अक्षर तरी बदलावे लागले. इथे काहीच न करून काम भागते.

आणि बांध न घालणारे सगळेच अडाणी असतात, असेही नाही. कर्जाच्या कागदांवर एका साहेबांचा शेरा ठरलेला असे: ‘देण्यास हरकत नाही दिल्यास पाहावे.’ कर्ज फिटले, की स्वल्पविराम ‘नाही’च्या पुढे पडे. थकले, की तोच ‘नाही’च्या अलीकडे येऊन बसे, आणि साहेबांची पहिल्यापासून हरकतच होती, असे निघे. मधली तीन वर्षे ती जागा रिकामी. अडके तो पैसे मोजून देणारा कारकून.

अशाच एका कारकुनाने एकदा धीर करून विचारले, ‘‘साहेब, यात स्वल्पविराम कुठे धरायचा?’’

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, ‘‘तुमचे मराठी फार चांगले आहे हो. नंदुरबारला असा माणूस हवाच आहे.’’