अर्धे राहिलेले काम आणि पुरा हिशोब

पावसाळा जवळ आला म्हणजे गावोगाव घरदुरुस्तीची घाई सुरू होते. कोणी कौले चाळून घेतो, कोणी भिंतीस गिलावा करवितो, कोणी पडवीवर पत्रे घालून घेतो. काम उक्ते ठरते, मिस्त्री इसार घेतो, आठ दिवस काम जोराने चालते आणि मग मिस्त्री दिसेनासा होतो. आज माल आला नाही, उद्या बिगारी मिळाले नाहीत, अशी उत्तरे येऊ लागतात. इकडे आभाळ भरून येते आणि घर उघडे पडलेले असते. अशा वेळी घरधनी संतापून म्हणतो, "आता ह्याला एक पैही देणार नाही." हे म्हणणे न्यायाचे आहे काय, ह्याचा विचार आज आपणांस कर्तव्य आहे.

मिस्त्रीचा दोष उघड आहे. एकाच हंगामात चार घरांचा इसार घेणारा मनुष्य चौघांनाही जो शब्द देतो, तो आपणांस पाळता येणार नाही हे त्यास ठाऊक असते. एकाचा इसार दुसऱ्याच्या सिमेंटात जातो, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या मजुरीत, आणि शेवटी सर्वांचीच कामे अडतात. आरंभी फसविण्याचा हेतू नसला तरी परिणाम फसवणुकीचाच होतो.

परंतु घरधनीही नेहमी निर्दोष असतो असे नाही. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशोब करावा, हा दाखला लूककृत शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात आहे, तो वाचकांस ठाऊक आहेच. पदरी पुरता पैसा नसता काम काढणे, अथवा मध्येच "येथे एक खिडकी, तेथे एक कोनाडा" असे वाढवून दर मात्र जुनाच धरणे, ह्यानेही कित्येक कामे अर्धी राहतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 1872 च्या करार कायद्याचे 73 वे कलम असे की, वचनभंगामुळे स्वाभाविकपणे झालेले नुकसान भरून मागता येते. मात्र ते कमी करण्याचे जे उपाय हाती होते त्यांचाही विचार होतो. म्हणून भिंती मुद्दाम भिजू देऊन भरपाई मागणे योग्य नव्हे. छप्पर झाकावे, झालेल्या कामाची छायाचित्रे काढावी, आणि मिस्त्रीस लेखी मुदत देऊनही तो न आल्यास दुसरा गवंडी लावावा. त्याच कायद्याचे 70 वे कलम सांगते की, जे काम कोणी फुकट करण्याच्या इच्छेने केलेले नाही, त्याचा लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यावा. दोन्ही तत्त्वे आमच्या मते सदसद्विवेकबुद्धीसही पटणारी आहेत.

समजा, काम 60,000 रुपयांस ठरले, 30,000 दिले, आणि मिस्त्री निघून गेला. उरलेले काम दुसऱ्याने 32,000 रुपयांत पुरे केले, तर घरधन्यास 2,000 रुपये अधिक पडले. तेवढे मिस्त्रीने परत करावे. पण तेच काम 28,000 रुपयांत झाले आणि दुसरे काही नुकसान झाले नाही, तर ठरलेल्या रकमेतील 2,000 रुपये शिल्लक राहतात. ते मिस्त्रीच्या श्रमाचे आहेत. राग कितीही असो, ते आपल्या पेटीत ठेवावयाचा आपणांस अधिकार नाही.

आणखी एक गोष्ट बहुधा विसरली जाते. मिस्त्री पळाला म्हणजे त्याच्या बिगाऱ्यांची मजुरीही बुडते. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असे मोशेच्या नियमशास्त्रात आहे. करार मिस्त्रीशी होता हे खरे. तथापि ज्या बाईने आपल्या अंगणात घमेली वाहिली, तिला "तुझा मुकादम शोध" म्हणणे आम्हांस शोभत नाही. मिस्त्रीचे देणे निघत असेल, तर त्यास कळवून, साक्षीदारांसमोर, त्यातून तिची मजुरी प्रथम चुकती करावी.

हे सर्व टाळावयाचे तर आरंभीच कागद करावा. काम कोणते, माल कोणाचा, दिवस किती, हे लिहावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावे: जोते झाल्यावर, भिंती झाल्यावर, छप्पर झाल्यावर, आणि काही भाग शेवटच्या पाहणीपर्यंत राखावा. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेत सपाट प्रदेशासाठी ठरलेले 1,20,000 रुपयेही असेच, काम पुढे सरकेल तसे, हप्त्यांनी देण्याची रीत ठेविली. कागद मागितला म्हणून मिस्त्रीने रागावू नये; उद्या घरधनी शब्द फिरवू लागला तर तोच कागद त्याच्या कामी येईल.

इतके करूनही तंटा पडला, तर प्रथम गावातील दोन जाणत्यांस मध्ये घालावे. त्यानेही न भागल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मात्र कोणाकडेही जाण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा हिशोब मांडून पाहावा. ज्याच्या हाती ओळंबा आहे त्याने भिंत सरळ ठेवावी, आणि ज्याच्या हाती पैसा आहे त्याने हिशोब सरळ ठेवावा.