पुलाच्या अलीकडून

येडशीत आमच्या गल्लीतल्या काकूंच्या घरी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात रेशनकार्ड, सातबारा, पोराचा जन्मदाखला, सगळ्यांची आधारकार्डं आणि तळाला एक गुलाबी कार्ड. कार्डावर काकूंचं नाव, वय 38, आणि सिस्टरच्या तिरक्या अक्षरात एक ओळ : ‘तपासणी ठीक. 5 वर्षांनी पुन्हा.’

काकू आता 46 वर्षांच्या आहेत.

पाच वर्षं भरली तेव्हा सोयाबीन काढणीला आलं होतं. मग दिवाळी, मग लेकीचं बाळंतपण, चैत्री पुनवेला येरमाळ्याची यात्रा, श्रावणात रामलिंगला येणारे पाहुणे. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. खोट्या कारणाची निदान मनाला टोचणी लागते. खऱ्या कारणात माणूस सुखानं फसतो.

दुसऱ्या वर्षापासून मात्र कारणं लागेनाशी झाली. आशाताई गल्लीत दिसली की काकू मागच्या दारानं गोठ्यात जायच्या आणि झाडलेला गोठा पुन्हा झाडायच्या. आधी भीती तपासणीची होती, तो पडदा, ते टेबल, तो गार चिमटा. आता भीती उशिराची होती. ‘सिस्टर म्हणणार, इतके दिवस कुठं होता? आन् काही निघालंच, तर लोक म्हणणार, हिनंच वेळ घालवला.’ म्हणून जायचं नाही. आणि गेलं नाही की उशीर आणखी वाढणार. पांढरं जरा जास्त गेलं की रात्रभर झोप नाही. पहाटे उठून भाकरी थापायच्या, कुणाला काही बोलायचं नाही. दुखणं अंगावर काढलं, हे आपल्याकडे बाईचं कौतुक म्हणून सांगतात.

त्यात पिशवीची धास्ती. ऊसतोडीला जाणाऱ्या तरण्या बायकांच्या पिशव्या शेजारच्या बीड जिल्ह्यात कशा काढल्या गेल्या, ते 2019 साली सगळ्या पेपरांत आलं होतं. दवाखान्यात गेलं की पिशवी गेली, हे काकूंच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलेलं. या भीतीला हसण्याची माझी तरी छाती नाही.

गंमत अशी की गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी आपला जिल्हा जगातल्या डॉक्टरांना माहीत आहे. जिल्ह्यालाच ते माहीत नाही. 1999 साली मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 497 गावं घेतली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 गट, चार प्रकार. काहींची गर्भाशयाच्या मुखाची एकदाच एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी केली, काहींची दुसऱ्या दोन पद्धतींनी, आणि काहींना फक्त माहिती दिली. पुढं आठ वर्षं नोंदी ठेवल्या. 2009 मध्ये निकाल छापून आला. फक्त माहिती दिलेल्या गटात या कर्करोगानं 64 बायका गेल्या होत्या. एचपीव्हीच्या गटात बायका जास्त असूनही 34. त्या 64 जणींना तपासायला काय झालं होतं, हा प्रश्न पुढं जाणत्या लोकांनी विचारला, आणि तो बरोबरच होता. पण आपण 64 आणि 34 हे आकडे शेजारी ठेवून बघावेत. मधलं अंतर एकाच तपासणीचं आहे. हा आजार विषाणू शिरल्यावर बहुधा दहा-पंधरा वर्षं घेतो, आणि तेवढी वर्षं तो दुखत नाही, खुपत नाही. उशीर झालेल्या बाईलाही बहुतेक वेळा अजून वेळ असतो तो त्यामुळंच. काकूंना हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला येणारीला बघूनच त्या गोठ्यात जात होत्या.

काकूंचे सासरे रेल्वेत कीमन होते, लातूर-कुर्डुवाडी छोटी गाडी होती तेव्हापासूनचे. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरवी झेंडी. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. म्हाताऱ्याला दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे सांगायला ते एकदाही उशिरा गेले नाहीत. त्या नोव्हेंबरात आधारकार्डासाठी त्यांनी डबा उपडा केला आणि गुलाबी कार्ड वर आलं.

त्यांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग कार्ड तळाला ठेवून वर सातबारा ठेवला. सासऱ्यानं सुनेला असलं काही विचारायचं नसतं.

रात्री जेवताना मात्र ते नातवाकडं वळले. काकू चुलीपुढं पाठमोऱ्या होत्या.

“घाटात मोरीवजा पूल हाय न्हवं, त्याच्या अलीकडून मी एकदा माघारी फिरलो व्हतो.”

“का?”

“पाऊस. शेवाळ. पाय सटकला. म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी पाऊस न्हवता, तरी गेलो न्हाई.”

“आता का?”

“काल बघितलं न्हाई, आन् आज काही ढिलं सापडलं तर? मग कालची चोरी उघडी पडती. तिसऱ्या दिवशी तर पूल दिसला तरी पोटात गोळा यायचा. गाडी पुलावर गेली की मी कान टवकारून उभा. गाडी पलीकडं गेली की हुश्श. उद्या पुन्हा तेच.”

“मग?”

“चौथ्या दिवशी गेलो. रुळाच्या दोन चाव्या ढिल्या व्हत्या. ठोकल्या.”

“साहेब रागावले?”

“साहेबाला काय सपान पडलंय? कुणी इचारलंच न्हाई.” म्हाताऱ्यानं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. “चार ठोके बसले. त्याच्यासाठी तीन रात्री झोपलो न्हवतो.”

तव्यावरची भाकरी करपली होती. काकूंनी ती उलटलीच नव्हती.

सोमवारी त्या आशाताईच्या दारात स्वतः गेल्या. मग तपासणीच्या कॅम्पमध्ये सिस्टरनं कार्ड हातात घेतलं, तारीख पाहिली, आणि म्हणाली, “बरं झालं आलात. पाळी कधी आली होती?” एवढंच. तीन वर्षं ज्या बोलण्याला काकू भ्यायल्या होत्या, ते बोलणं झालंच नाही. टेबल तेच होतं, चिमटा गार होता. काकू छताच्या पंख्याकडं बघत राहिल्या; त्याच्या एका पात्याला जळमट होतं. ते हलायचं थांबायच्या आत मऊ ब्रशनं नमुना घेऊन झाला होता.

बाराव्या दिवशी फोन आला : विषाणू सापडलाय. त्या रात्री काकू पुन्हा झोपल्या नाहीत, हेही सांगायला हवं. “ह्याचा अर्थ कॅन्सर न्हवं,” आशाताईनं तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा काकूंनी मान हलवली, आणि एकदाही त्यांना ते पटलं नाही. तरी त्या बार्शीला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी व्हिनेगरसारखं पाणी लावलं, मिनिटभर थांबल्या, भिंगातून पाहिलं. मुखाशी एक पांढरा डाग उठला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यातला कणभर तुकडा तपासायला पाठवला आणि डाग तिथंच उष्णता देऊन जाळला.

“पिशवी?” काकूंनी विचारलं.

“पिशवीला काय झालंय?” बाई म्हणाल्या. “राहू द्या की तिला.”

तुकड्याचा रिपोर्ट पुढं आला. कर्करोग नव्हता; पुढं कधी तरी झाला असता अशा पेशी होत्या. नव्या कार्डावर लिहून मिळालं, ‘1 वर्षानं पुन्हा.’

काकूंनी कार्ड डब्यात टाकायला झाकण उघडलं, तर म्हाताऱ्यानं हात पुढं केला. बोलले काही नाहीत. भिंतीवर कॅलेंडरशेजारी एक खिळा आहे. त्यावर पूर्वी झेंडी असायची. कार्डाच्या कोपऱ्याला दाभणानं भोक पाडून त्यांनी ते खिळ्याला अडकवलं, लिहिलेली बाजू भिंतीकडं करून.