दुरून डोंगर साजरे

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण फसगतीचा इशारा म्हणून वापरतो. परंतु तिच्यात एक गंभीर प्रश्नही दडलेला आहे. निसर्गाचे रौद्र रूप सुंदर वाटावे यासाठी आपण त्यापासून दूर असणे आवश्यक आहे काय? तसे असेल, तर दुरून पाहणाऱ्यावर काही नैतिक ऋण येते काय?

१७५७ मध्ये एडमंड बर्क या विचारवंताने असे प्रतिपादन केले की, भयातूनही एक प्रकारचा आनंद लाभतो. मात्र संकट अगदी अंगावर आलेले नसावे. पुढे स्वच्छंदतावादी, म्हणजेच रोमँटिक, कलावंतांनी कडे, वादळे आणि समुद्र यांना कलेत मानाचे स्थान दिले. जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिश यांच्या १८१८ च्या सुमाराच्या विख्यात चित्रात एक पुरुष खडकावर पाठमोरा उभा आहे आणि त्याच्या पायांखाली धुक्याचा सागर पसरला आहे. त्या धुक्याखाली कोणी राहत असेल काय, असा प्रश्न ते चित्र पाहताना सहसा मनात येत नाही.

हीच दृष्टी त्याच काळात सातारा जिल्ह्याच्या डोंगरमाथ्यावर आली. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२९ च्या सुमारास, महाबळेश्वरी गोऱ्या साहेबांची वसाहत उभी राहिली आणि कड्यांना 'पॉइंट' म्हणण्याचा प्रघात पडला. कृष्णेच्या उगमाशी येणारा यात्रेकरू पाण्यात उतरत असे. पॉइंटवर येणारा पर्यटक दरीकडे पाहून परत जातो. केट्स पॉइंटवरून कृष्णेचे खोरे पाहताना कोणाचेही भान हरपावे. या भान हरपण्यात गैर काही नाही, असे आम्ही मानतो. सृष्टी पाहून विस्मित होणे हे प्रार्थनेचे पहिले पाऊल आहे.

पण पाणी पॉइंटवर थांबत नाही. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्यातील बरेचसे पाणी कृष्णा, वेण्णा आणि कोयना यांच्या वाटेने सांगलीकडे येते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. त्याच पुरात, ८ ऑगस्ट रोजी, ब्रह्मनाळ येथे लोकांना सुरक्षित स्थळी नेणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. वर ज्याला आपण देखावा म्हणतो, तेच खाली कोणाच्या तरी उंबऱ्याच्या आत शिरलेले असते.

मग त्या कलेला आपण दोष द्यावा काय? आम्हांला तसे वाटत नाही, कारण त्या कलेतच या प्रश्नाचे भान आहे. इंग्रज चित्रकार टर्नर यांनी १८४० मध्ये प्रदर्शित केलेल्या एका चित्रात सूर्यास्ताने समुद्र पेटल्यासारखा झाला आहे. रसिक त्या रंगांत रमतो न रमतो, तोच त्याला लाटांत बेड्या घातलेला एक पाय दिसतो. ही जहाजावरून समुद्रात फेकलेली गुलाम माणसे आहेत. पाहणाऱ्याचा आनंद तिथेच अडखळतो. तो अडखळावा अशीच त्या चित्राची रचना आहे.

बेथोव्हेन यांची १८०८ मध्ये व्हिएन्नात प्रथम सादर झालेली सहावी सिंफनी याहून पुढे जाते. तिचा चौथा भाग वादळाचा आहे आणि नगाऱ्यांचा गडगडाट केवळ त्याच भागात आहे. परंतु रचना वादळापाशी संपत नाही. पाचव्या भागात मेंढपाळांचे कृतज्ञतागीत येते. ज्यांनी वादळ उघड्यावर सोसले, त्यांच्याच तोंडी संगीतकाराने अखेरचा शब्द ठेवला आहे.

संत मार्क यांच्या शुभवर्तमानातील वादळाचा प्रसंग आपणां सर्वांना परिचित आहे. तिथे प्रभू येशू किनाऱ्यावरून वादळ पाहत नव्हते. ते शिष्यांबरोबर त्याच तारवात होते. ख्रिस्ती माणसाच्या सौंदर्यदृष्टीची कसोटी इथेच आहे, असे आम्हांस वाटते. पॉइंटवर अवश्य जावे, डोळे भरून पाहावे. मात्र हे पाणी पुढे कोणाच्या दारी जाणार, हेही तिथेच उभे राहून आठवावे. आणि ते दारी पोहोचेल तेव्हा आपण पुलावरच्या बघ्यांत नव्हे, तर नाव वल्हवणाऱ्यांत असावे.