एकशे बारा

२००६ सालचा श्रावण. मी रात्रपाळी करून भिलाईतल्या कोहक्याच्या घरी आलो होतो, झोप अर्धवट झाली होती. साडेअकराच्या सुमारास आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसलेली दिसली. कपाळावर घाम, ओठ पांढरे पडलेले, बोटांना कापरं. ‘बाबू, पोटात खड्डा पडल्यावानी होऊन राह्यलं रे. काही गोड दे.’ मी ग्लुकोमीटर काढला, तिच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला ११२. मशीन तिच्या डोळ्यांसमोर धरून मी म्हणालो, ‘हे बघ. तुला काहीही झालेलं नाही.’

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्याच दुपारी शिलाई मशीनच्या खणात गुळाचा खडा सापडला, कागदात गुंडाळलेला. नागपूरहून मावशी आली होती, तिच्या देखत मी आईला विचारलं, ‘चोरून खाण्यासाठी हे नाटक का?’ आई काही बोलली नाही. त्यानंतर तिने माझ्याकडे कधी गोड मागितलं नाही. तसं होऊ लागलं की भिंतीकडे तोंड करून पडायची. २०११ साली ती गेली.

मी भिलाई पोलाद कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये चौतीस वर्षं काढली. १९५९ साली इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, दोन वर्षांनी वडील वर्ध्याहून आले आणि आमचं घर इथलंच झालं. थर्मोकपल, रेकॉर्डर, अलार्म हे माझं काम. अलार्म वाजला आणि काटा मात्र ठीक जागी असला, तर आम्ही आधी अलार्म कुठल्या आकड्यावर लावलाय ते बघायचो. सेट पॉइंट सरकलेला असायचा. अलार्म खोटा वाजतोय म्हणून त्याची तार कापायला कुणी धजलं नाही. कारखान्यात जे मी नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो, ते घरी उंबऱ्याशी बसलेल्या आईच्या बाबतीत मला आठवलं नाही.

आठवलं ते माझ्यावर आल्यावर. निवृत्तीनंतर दोन वर्षं मी रक्त तपासलंच नव्हतं. तपासलं तेव्हा एचबीए१सी १०.४ होतं, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर अडीचशेच्या घरात. गोळ्या सुरू झाल्या, भात कमी केला, आणि तिसऱ्या आठवड्यात सुपेल्याकडे चालत जाताना पाय लटपटले. छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, आणि काहीतरी भयंकर होणार अशी भीती. खिशातलं मशीन १०४ म्हणालं. मी मशीनवर विश्वास ठेवला नाही. समोरच्या दुकानातून दोन पेढे घेतले, उभ्याउभ्या खाल्ले आणि घरी येऊन सांगितलं, शुगर लो झाली होती.

लो झाली नव्हती. डॉक्टरांनी पुढे नीट समजावलं. साखर ७० च्या खाली गेली तर ती खरी कमी, तेव्हा तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मशीन हाताशी नसेल तर आधी साखर, चौकशी मागून. पण महिनोन् महिने अडीचशेवर राहिलेल्या शरीराला तीच पातळी आपली वाटू लागते. ती झपाट्याने उतरली की साधा आकडाही त्याला टंचाईसारखा वाटतो, ॲड्रिनलिन सुटतं, घाम आणि कापरं येतं. १९८८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना ही लक्षणं सरासरी ७८ ला सुरू झाली होती, मधुमेह नसलेल्यांना ५३ ला. साखर काही आठवडे नीट राहिली की हा सेट पॉइंट हळूहळू खाली येतो. तोवर थोडं थोडं, वेळेवर खायचं आणि डॉक्टरांना सांगायचं, कारण असाच घाम हृदयाच्या किंवा थायरॉइडच्या दुखण्यातही येऊ शकतो.

शिवाय घरगुती मशीनला ७५ च्या वर वीस टक्क्यांची सूट तेव्हा मानकातच होती. माझ्या हातातलं ११२ हे ९५ असू शकत होतं, १२९ ही असू शकत होतं. मापनात चूक किती धरायची यावरच माझी नोकरी होती, आणि आईपुढे मी तो आकडा देववाणीसारखा धरला. तिची साडेतीनशेची साखर तीन आठवड्यांत सव्वाशेवर मीच आणली होती. त्याचा अभिमान होता मला. शेजारीपाजारी सांगत होतो.

पेढ्यांचंही पूर्ण सांगायला हवं. चौथ्या वेळेपर्यंत मी त्या कापऱ्याची वाट बघू लागलो होतो. ते आलं की मला परवानगी मिळायची. मग डॉक्टरांना न विचारता मी सकाळची गोळी अर्धी केली आणि बायकोला म्हणालो, त्यांनीच सांगितलंय. आईने लपवलेला गुळाचा खडा सुपारीएवढा होता. मी खाल्लेल्या पेढ्यांचा हिशेब मांडला तर तो किलोत जाईल. तिचं शरीर बोललं तेव्हा मी आकडा पुढे केला. माझं बोललं तेव्हा आकडा बाजूला सारला. दोन्ही वेळा मला जे सोयीचं, ते मी खरं मानलं.

गेल्या सोमवारी डॉक्टरांना अर्ध्या गोळीचं सांगितलं, संध्याकाळी बायकोला. ती बराच वेळ गप्प होती. मग नागपूरला मावशीला फोन लावला. तिने नव्वदी ओलांडली आहे, पण तो दिवस तिला लख्ख आठवत होता. मी माफी मागायला लागलो तर म्हणाली, ‘अरे, तिनं त्याच रात्री मले सांगतलं होतं, बाबू भेते म्हणून ओरडते. त्याले काही बोलू नको.’

मी फोन कानाला लावून तसाच बसलो. भीती होती, हे खरं आहे. पण ११२ वाचल्यावर ती गेली होती. मला हायसं वाटलं होतं, झोपायला जाता येईल असं वाटलं होतं, आणि तिचे हात तेव्हाही कापत होते. ओरडलो ते त्यानंतर. हे मावशीला सांगायचं होतं. सांगता आलं नाही.