टाळे कोणी लावले?

११ मार्च २०११. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी त्या दिवशी एका कायद्यावर सही केली आणि बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांचा सामूहिक वाटाघाटीचा हक्क जवळजवळ संपवला. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगचे मालक आणि खेळाडूंची संघटना यांची बोलणी फिसकटली आणि मध्यरात्रीपासून मालकांनी टाळेबंदी लागू केली. महिनाभरापूर्वी सुपर बोल जिंकलेला ग्रीन बे पॅकर्स हा संघ विस्कॉन्सिनचाच. त्याचा एक कर्णधार चार्ल्स वुडसन याने कर्मचाऱ्यांच्या बाजूने जाहीर निवेदन काढले होते. पॅकर्सच्या चाहत्याला त्या वसंतात श्रमाच्या प्रश्नाकडे पाठ फिरवणे सोपे नव्हते.

तरीही देशभरातल्या असंख्य चाहत्यांनी ती फिरवली. हे लक्षाधीश आणि अब्जाधीश यांचे भांडण आहे, दोघेही हावरट, आम्हाला सप्टेंबरात सामने हवेत, असा एकूण सूर होता. एप्रिलअखेर न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये नव्या खेळाडूंची निवड होती. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल मंचावर येताच त्यांची हुर्यो उडाली आणि ‘आम्हाला फुटबॉल हवं’ अशा घोषणा सुरू झाल्या. तो राग खरा होता. पण दोन्ही बाजूंना सारखाच दोष देणारा राग वस्तुस्थितीला धरून नव्हता. हा संप नव्हता. खेळाडू खेळायला तयार होते, दार मालकांनी बंद केले होते. १९८२च्या गिरणी संपाच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

मुद्दा पैशाच्या वाटणीचा होता. लीगचे वार्षिक उत्पन्न सुमारे ९ अब्ज डॉलर. त्यातले अब्जभर खर्चापोटी मालक आधीच बाजूला काढत, उरलेल्यातला साधारण ६० टक्के वाटा खेळाडूंचा. मालकांना आणखी अब्जभर डॉलर आधी काढून हवे होते. कारण काय, तर खर्च वाढले. मग दहा वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब दाखवा, असे खेळाडू म्हणाले. ते मालकांनी दाखवले नाहीत.

बत्तीस संघांपैकी एकाच संघाचे हिशेब जगापुढे होते, ते पॅकर्सचे. हा संघ कोणा एका धनिकाचा नाही. त्याचे तेव्हा लाखाहून अधिक भागधारक होते. त्यांना लाभांश मिळत नाही, शेअर नफ्याने विकता येत नाही, पण ताळेबंद दरवर्षी वाचायला मिळतो. त्या ताळेबंदात संघाचा परिचालन नफा घटून ९८ लाख डॉलरवर आल्याचे दिसले आणि मालकांच्या बाजूने तो आकडा पुढे केला गेला. एका संघाच्या उघड वहीवरून एकतीस बंद वह्यांचा निष्कर्ष काढायचा, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

शिवाय मालकांनी तजवीज आधीच केली होती. २०११मध्ये एकही सामना झाला नाही तरी दूरचित्रवाणी कंपन्यांकडून सुमारे ४ अब्ज डॉलर मिळतील, असे करार त्यांनी केले होते. यात खेळाडूंशी झालेल्या कराराचा भंग झाला, असे न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांनी १ मार्चला ठरवले. हंगाम बुडाला तर काय, याची चिंता दोन्ही बाजूंना सारखी नव्हती. मालकी पिढ्यान्‌पिढ्या चालते. खेळाडूची सरासरी कारकीर्द जेमतेम तीन-साडेतीन वर्षांची. त्यातले एक वर्ष गेले की परत येत नाही. ‘लवकर मिटवा’ ही चाहत्यांची ओरड म्हणूनच ज्याच्याकडे वेळ कमी, त्याच्यावरच दडपण आणत होती.

आणि देहाचे काय? मालकांना नियमित हंगाम १६ऐवजी १८ सामन्यांचा हवा होता. फेब्रुवारीत शिकागो बेअर्सचा जुना बचावपटू डेव्ह ड्युअरसन याने आत्महत्या केली होती. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, असे तो लिहून गेला होता. डोक्यावरच्या वारंवार आघातांनी होणारा आजार त्या मेंदूत आढळल्याचे मे महिन्यात जाहीर झाले. सामन्यांच्या संख्येवरची ती घासाघीस यानंतर निव्वळ पैशाची उरत नाही.

२५ जुलैला तडजोड झाली. ओहायोतल्या कँटनचा एक सराव सामना तेवढा बुडाला. खेळाडूंचा वाटा एकूण उत्पन्नाच्या ४७ टक्क्यांच्या आसपास आला. १८ सामन्यांचा प्रस्ताव बारगळला, दिवसातून दोनदा होणारे जोराचे सराव बंद झाले. पैशात खेळाडूंनी गमावले, शरीर थोडे वाचवले. तेही कायमचे नाही: २०२०च्या करारात १७ सामन्यांची वाट मोकळी झाली. खेळाडूंच्या मतदानात तो करार १,०१९ विरुद्ध ९५९ असा कसाबसा मंजूर झाला होता.

टाळेबंदी उठून वर्षही झाले नव्हते, तोच २०१२मध्ये मिनेसोटा राज्य आणि मिनियापोलिस शहर यांनी वायकिंग्ज संघाच्या नव्या स्टेडियमसाठी ४९.८ कोटी डॉलर सार्वजनिक पैसा मंजूर केला. तो देणारी माणसे आणि तिकीट काढणारी माणसे बहुतांशी एकच. वाटाघाटीच्या टेबलावर त्यांना खुर्ची नव्हती, निदान वह्या तरी मागायच्या होत्या. करदात्याच्या पैशाने उभ्या राहणाऱ्या स्टेडियमात खेळणाऱ्या प्रत्येक संघाचा लेखापरीक्षित हिशेब जाहीर करण्याची सक्ती कायद्याने झाली पाहिजे. सध्याचा करार २०३०च्या हंगामापर्यंत आहे. ही मागणी त्याआधी चाहत्यांनीच लावून धरावी.