मेंढपाळ देव : एका दिलाशाचा इतिहास

मेंढपाळाची प्रतिमा ख्रिस्ती धर्माने घडवलेली नाही. त्याच्याही दीड-दोन हजार वर्षे आधीपासून ती पश्चिम आशियात आणि इजिप्तमध्ये रूढ होती, आणि तिथे ती राजाची होती. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याने ख्रिस्तपूर्व १८ व्या शतकात आपली कायदेसंहिता दगडावर कोरून घेतली, तेव्हा प्रस्तावनेत स्वतःला देवांनी नेमलेला मेंढपाळ म्हणवून घेतले. इजिप्तचा फारो चित्रांत आणि मूर्तींत मेंढपाळाची आकडी हातात धरून दिसतो. प्रजा म्हणजे कळप आणि राजा म्हणजे राखणदार. त्याने चारा-पाणी द्यायचे, कळपाने मुकाट मागे जायचे. संकटात सापडलेल्या एकट्या माणसाला या दरबारी प्रतिमेत फारशी जागा नव्हती. ती जागा हळूहळू तयार झाली, आणि बहुतेक वेळा एखाद्या आपत्तीनेच ती करून दिली.

इस्राएली लोकांनी ही प्रतिमा उचलली तेव्हा त्यांच्याजवळ एक गोष्ट जास्तीची होती. मेंढरे राखणे म्हणजे काय, हे त्यांना अंगाने ठाऊक होते. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्याच पुस्तकात म्हातारा याकोब मरणाच्या टेकीला आला असताना नातवांना आशीर्वाद देतो आणि आपल्याला जन्मभर सांभाळणारा मेंढपाळ म्हणून देवाचे नाव घेतो. हा माणूस वीस वर्षे मामा लाबानाची गुरेमेंढरे राखत होता. दिवसा उन्हाने करपलो, रात्री गारठलो, डोळ्याला डोळा लागला नाही, रानटी जनावराने फाडलेल्या मेंढराची भरपाई स्वतःच्या पदरची केली, असे त्याने लाबानाला संतापाने सुनावलेले त्याच पुस्तकात नोंदलेले आहे. म्हणजे त्याने देवाला दिलेली उपमा हिरव्या कुरणावरून सुचलेली नव्हती. जागरण, नुकसान आणि थंडी यांचा हिशेब तिच्यामागे होता. आमोस हा संदेष्टा तर तकोवा गावचा मेंढपाळच. सिंहाच्या तोंडातून मेंढपाळ दोन तंगड्या नाहीतर कानाचा तुकडा तेवढा ओढून काढतो, असे चित्र त्याने राष्ट्राच्या विनाशाचा इशारा देताना रंगवले. मेंढपाळ असला म्हणजे लांडगा येतच नाही, अशी भाबडी समजूत या परंपरेत पहिल्यापासून नाही.

पहिले मोठे वळण राजकीय सर्वनाशातून आले. बॅबिलोनी फौजांनी ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये यरुशलेममधील हजारो लोक कैद करून नेले आणि दहाएक वर्षांनी शहर व मंदिर दोन्ही जाळले. यहेज्केल हा याजक पहिल्या तुकडीबरोबरच परमुलखात नेला गेला होता. त्याच्या ग्रंथाच्या ३३ व्या अध्यायात यरुशलेममधून जीव वाचवून आलेला एक माणूस ‘शहर पडले’ ही बातमी घेऊन येतो. लगेच पुढचा ३४ वा अध्याय मेंढपाळांवर आहे. दोहोंचा क्रम फार बोलका आहे. राजे आणि अधिकारी यांनी कळपाची लोकर नेसली, चरबी खाल्ली, पण आजारी मेंढराला औषध दिले नाही, मोडलेले बांधले नाही, हरवलेले शोधले नाही, असा आरोप यहेज्केल ठेवतो. मग देवाच्या तोंडून घोषणा येते की यापुढे मी स्वतःच माझी मेंढरे शोधीन. हम्मुराबीच्या शिळेवरची पदवी इथे राजाकडून काढून घेतली जाते. जे काम राजाचे होते ते देव अंगावर घेतो, आणि त्यात पहिला मान दुबळ्याचा. निर्वासितांना परतीची आशा देणाऱ्या यशयाच्या ४० व्या अध्यायातला देवही कोकरांना उराशी धरतो आणि दूध पाजणाऱ्या मेंढ्यांना बेताने चालवतो.

दाविदाच्या नावावर असलेले २३ वे स्तोत्र नेमके कधीचे याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पण दिलाशाच्या दृष्टीने ख्रिस्ती जगात त्याच्याइतके पाठ झालेले दुसरे काव्य नसेल. सहा कडव्यांच्या या छोट्या स्तोत्राची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला कुरण, पाणी, वाट यांचे वर्णन करताना कवी देवाविषयी तृतीयपुरुषी बोलतो. काळोख्या दरीत पाऊल पडताच तो देवाशीच बोलू लागतो. दरी टळत नाही. ज्याच्याविषयी आतापर्यंत नुसते सांगितले जात होते तो दरीत शेजारी असतो. दरीत मेंढपाळाच्या हाती सोटा आहे आणि काठी आहे. एक श्वापदावर चालवायला, दुसरी वाट दाखवायला. शेवटच्या भागात चित्र बदलते. मेंढपाळाचा यजमान होतो, पाहुण्यापुढे ताट वाढले जाते, आणि तेही शत्रूंच्या देखत. शत्रू निघून गेलेले नाहीत. संकट उभे असताना मिळणारा आसरा हाच या स्तोत्राचा विषय आहे, आणि संकटाशिवायची शांती त्यात शोधणाऱ्यांनी ते अर्धेच वाचले आहे.

येशूच्या शिकवणीत ही प्रतिमा राष्ट्रावरून एकट्या जीवावर आली. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे, तो पाप्यांच्या पंगतीला बसतो म्हणून परूशी आणि शास्त्री हे यहुदी धर्मपुढारी कुरकुरत होते. त्यांना त्याने शंभर मेंढरांच्या धन्याचा दाखला दिला. हा धनी नव्व्याण्णव मेंढरे रानात ठेवून हरवलेल्या एकाच्या मागे जातो आणि सापडल्यावर त्याला खांद्यावर घेऊन येतो. यहेज्केलचा देव विखुरलेला समाज गोळा करत होता. इथे एका मेंढरासाठी सगळा कळप थांबतो. योहानाच्या शुभवर्तमानाचा १० वा अध्याय त्याहून पुढे जातो. जन्मांध माणसाला बरे केले, आणि त्या माणसाला सभास्थानाबाहेर घालवण्यात आले, त्या प्रसंगापाठोपाठ हे भाषण येते. लांडगा दिसताच मोलाने राखणारा पळ काढतो. उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी प्राण देतो. व्यवहाराच्या दृष्टीने हे विलक्षण आहे, कारण मेंढपाळ मेला तर कळपाला वालीच उरत नाही. शुभवर्तमानकारांना ही अडचण माहीत होती. अटकेच्या रात्री येशू जखऱ्या संदेष्ट्याच्या वचनाचा आधार घेऊन शिष्यांना सांगतो की मेंढपाळावर घाव पडेल आणि मेंढरांची पांगापांग होईल. नव्या कराराच्या शेवटी, प्रकटीकरणाच्या ७ व्या अध्यायात, छळातून आलेल्या लोकांना पाण्याच्या झऱ्यांकडे नेणारा मेंढपाळ स्वतःच कोकरा आहे, वध झालेला कोकरा. ख्रिस्ती विचाराने या जुन्या प्रतिमेत घातलेली खरी नवी भर हीच. कळपाचे दुःख बाहेरून पाहणारा राखणदार उरला नाही. ज्याच्या गळ्यावर सुरी फिरली तोच आता वाट दाखवतो.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी थडग्यांवर क्रूस फार क्वचित काढला. मेंढपाळ मात्र पुन्हापुन्हा काढला. रोममध्ये प्रिस्किल्ला आणि कॅलिस्टस यांच्या नावांच्या भुयारी दफनभूमींत तिसऱ्या शतकातील भित्तिचित्रे आहेत. त्यांत आखूड अंगरख्यातला, दाढी नसलेला तरुण खांद्यावर मेंढरू घेऊन उभा आहे. खांद्यावर जनावर घेतलेला पुरुष ग्रीक-रोमन कलेत आधीपासून होता. ख्रिस्ती चित्रकारांनी तो घेतला आणि मेलेल्यांच्या छताशी नेऊन बसवला. सीरियातील दुरा-युरोपोस येथे उत्खननात सापडलेल्या घरवजा प्रार्थनास्थळात तो बाप्तिस्म्याच्या कुंडावर रंगवलेला आहे आणि त्याच चित्रात खाली आदाम व हव्वा आहेत. पाप, पाणी आणि शोधायला आलेला मेंढपाळ एका भिंतीवर आणण्याची त्या अनामिक चित्रकाराची समज मोठी म्हटली पाहिजे. ते शहर सुमारे २५६ मध्ये सासानी फौजांपुढे पडले.

याच काळात एक कडवा वादही झाला. बाप्तिस्मा घेतल्यावर मोठे पाप करणाऱ्याला मंडळीत परत घ्यावे का? कार्थेजच्या तर्तुलियनाने उतारवयात याला ठाम नकार दिला. हरवलेले मेंढरू म्हणजे देवाला न ओळखणारा परधर्मीय, पतित ख्रिस्ती नव्हे, असे त्याने हिरीरीने मांडले आणि प्रभुभोजनाच्या प्याल्यांवर रंगवलेल्या मेंढपाळावरही टीका केली. विरोधकांना तोच मेंढपाळ क्षमेचा आधार वाटत होता. पुढे सम्राट डेसियसच्या २५० सालच्या छळात अनेकांनी भीतीपोटी मूर्तींपुढे धूप जाळला, आणि छळ ओसरल्यावर ते रडत दाराशी आले. तेव्हा हा प्रश्न पुस्तकी उरला नाही. दीर्घ प्रायश्चित्तानंतर का होईना, दार उघडण्याकडेच मुख्य प्रवाह वळला. मेंढराचा दोष असला तरी शोध थांबत नाही, हा अर्थ त्यामुळे टिकला. तर्तुलियन जिंकला असता तर ही प्रतिमा निर्दोष माणसांपुरती उरली असती आणि तिच्यातला दिलासा बहुतेकांच्या कामाचाच राहिला नसता.

चर्चला राजाश्रय मिळाल्यावर मेंढपाळाचा पोशाख बदलला. इटलीत रावेन्ना येथे गाल्ला प्लासिदियाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाचव्या शतकातील समाधिमंदिरात तो सोनेरी वस्त्रे ल्यायला आहे आणि हातात काठीऐवजी क्रूस आहे. त्यानंतर चर्चच्या भिंतींवर सिंहासनावरचा विश्वाधिपती ख्रिस्त येऊ लागला आणि मेंढपाळ मागे सरला. कल्पना मात्र दुसऱ्या वाटेने जिवंत राहिली. ती पदाधिकाऱ्यांची जबाबदारी झाली. ऑगस्टीनने यहेज्केलच्या ३४ व्या अध्यायावर प्रवचने देऊन बिशपांना, आणि त्यांत स्वतःलाही, त्या आरोपांपुढे उभे केले. ग्रेगरी ५९० मध्ये पोप झाला तो रोममध्ये प्लेग पसरलेला असताना. त्याच्या आधीचा पोप त्याच साथीत गेला होता. त्याने लिहिलेला पाळकांसाठीचा ग्रंथ शतकानुशतके हाताशी ठेवला गेला. आनंदी माणसाला आणि खिन्न माणसाला एकच उपदेश चालत नाही, हे त्याने उदाहरणांसह दाखवले. दुःखिताला भेटायला जाणे, त्याचे ऐकून घेणे हे धर्मगुरूचे मुख्य काम मानले जाते त्याचा पाया इथे आहे.

आश्चर्य वाटेल, पण २३ वे स्तोत्र मुळात अंत्यविधीचे नव्हते. चौथ्या शतकात जेरुसलेमचा सिरिल आणि मिलानचा अँब्रोज यांनी ते नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्यांना उलगडून सांगितले: तेल म्हणजे अभिषेक, ताट म्हणजे प्रभुभोजन. इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात दफनाच्या वेळी वाचायला ३९ आणि ९० ही स्तोत्रे दिली आहेत. दोन्ही मानवी आयुष्याच्या क्षणभंगुरतेवर. मधल्या काळात २३ वे स्तोत्र घराघरांत शिरले ते गाण्यातून. स्कॉटलंडच्या १६५० च्या छंदोबद्ध स्तोत्रसंग्रहाने ते अक्षरओळख नसलेल्यांच्याही ओठी आणले, तर जर्मनीत बाखने १७३१ मध्ये त्यावर आधारलेल्या कोरालवर कँटाटा रचला.

सतराव्या शतकातील गोव्याने या प्रतिमेला एक वेगळेच रूप दिले. तिथल्या कारागिरांनी हस्तिदंतात बाल येशू मेंढपाळाच्या रूपात कोरला. तो डोंगरमाथ्यावर बसलेला असतो, एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर, गाल हातावर टेकलेला आणि डोळे मिटलेले. खाली पायऱ्यापायऱ्यांनी झरा वाहतो, मेंढरे पाणी पितात आणि तळाच्या गुहेत पश्चात्तापी मग्दालिया मारिया पहुडलेली असते. या ध्यानस्थ बैठकीत अनेक कलाभ्यासकांना बौद्ध मूर्तिपरंपरेची छाया दिसते. इथला मेंढपाळ धावाधाव करत नाही. त्याच्या नुसत्या असण्याभोवती सगळा डोंगर निवांत झालेला आहे. युरोपातल्या संग्रहालयांत आज अशा अनेक मूर्ती आहेत.

मरणघरातला सोबती ही २३ व्या स्तोत्राची आजची ओळख मुख्यतः १९ व्या शतकातली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असताना, मार्च १८६२ मध्ये, फिलाडेल्फियात जोसेफ गिलमोर हा तरुण धर्मोपदेशक या स्तोत्रावर बोलला आणि त्याच संध्याकाळी त्याने देवाच्या हाताने चालवले जाण्यावरचे गीत लिहिले. ते पुढे जगभर गायले गेले. त्या युद्धात लाखो तरुण घरापासून दूर मेले. आयुष्य क्षणभंगुर आहे हे त्यांच्या घरच्यांना निराळे सांगावे लागत नव्हते. मरताना मुलगा एकटा नव्हता, एवढे कुणीतरी सांगावे असे त्यांना वाटत होते. अमेरिकेवर ११ सप्टेंबर २००१ रोजी हल्ला झाला, तेव्हा त्याच रात्री राष्ट्राध्यक्ष बुश यांनी देशाला उद्देशून बोलताना याच स्तोत्राचा आधार घेतला.

विसाव्या शतकात या प्रतिमेवर गंभीर आक्षेपही आले. फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी १९७८ च्या पॅरिसमधील व्याख्यानांत दाखवले की मेंढपाळाची काळजी ही एक सत्ताही असते. प्रत्येक मेंढरावर नजर ठेवणारा त्याच्याकडून आज्ञापालनही मागतो. चर्चमधील अत्याचारांच्या कहाण्या वाचणाऱ्याला हा आक्षेप झटकता येणार नाही. त्याचे उत्तर यहेज्केलने आधीच देऊन ठेवलेले आहे: मानवी मेंढपाळाचा हिशेब घेतला जातो. दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. ज्यांना कुणीच शोधायला आले नाही, त्यांचे काय? डीट्रिच बॉनहोफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९४० मध्ये स्तोत्रांवर छोटे पुस्तक लिहिले आणि त्यात विलापस्तोत्रांना प्रार्थनेत मानाचे स्थान दिले. पुढे हिटलरच्या तुरुंगातून १९४४ मध्ये लिहिलेल्या पत्रात, दुःख सोसणारा देवच माणसाला मदत करू शकतो, असे त्याने मांडले. एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी देण्यात आली. पुढे अमेरिकन अभ्यासक वॉल्टर ब्रूगमान यांनी १९८४ च्या ग्रंथात २३ व्या स्तोत्राची गणना उद्ध्वस्त होऊन पुन्हा सावरलेल्या माणसाच्या स्तोत्रांत केली.

स्तोत्रसंहितेच्या जुन्या संपादकांनी या स्तोत्राच्या लगेच आधी २२ वे ठेवले आहे. देवाने टाकून दिले असा टाहो फोडणारे, आणि येशूच्या तोंडी क्रूसावर आलेले ते हेच. रोमन कॅथलिक उपासनेत झावळ्यांच्या रविवारी २२ वे स्तोत्र म्हटले जाते. त्यानंतर चार आठवड्यांनी उत्तम मेंढपाळाचा रविवार येतो, आणि तीन वर्षांच्या वाचनचक्रातील पहिल्या वर्षी त्या दिवशी २३ वे स्तोत्र गायले जाते.