पगारी हात आणि पितृऋण

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत अजून अशी घरे आहेत, जिथे सोपा रस्त्याला लागून आहे, न्हाणी पार मागे आहे आणि मध्ये दोन-तीन उंबरे आहेत. मुले पुण्याला नाहीतर बंगळूरला, आणि घरात ऐंशीच्या पुढचे आई-वडील किंवा त्यांच्यापैकी मागे राहिलेले एक जण. अशा घरी सकाळी आंघोळ घालायला मावशी येऊ लागली, की गल्लीतला शेरा ठरलेला असतो : 'पोरं असून बाई ठेवली.' शेरा चावट असला तरी त्यामागे एक धर्मविचार आहे. आई-वडिलांची सेवा हे ऋण आहे, ते आपल्याच हातांनी फेडायचे असते, पैसे मोजून करवून घेतली तर ती सेवा नव्हे, असा तो विचार. तो तपासून पाहिला पाहिजे, कारण त्याच्या धाकाने कितीतरी म्हातारी माणसे राहते घर सोडून मुलाच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत जातात आणि तिथे त्यांचे सगळे चांगले होत असूनही त्यांना कुणी काही विचारत नाही.

पैशाने सेवा बाटते का, या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरकरांनी अंबाबाईच्या देवळात कधीच देऊन टाकले आहे. देवीला पहाटे जागे करणे, स्नान, साडी नेसवणे, नैवेद्य, रात्री शेजारती, हे सारे पुजारी करतात. एखाद्याला किंवा एखादीला वृद्धापकाळी जी मदत लागते तिचीच ही यादी आहे. अभिषेक पुजाऱ्याच्या हातून झाला म्हणून आपली भक्ती उणी पडली असे कुणाही भक्ताला वाटत नाही. पंढरपुरात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे परंपरागत हक्क गेले आणि समितीने नेमलेले पुजारी आले. अंबाबाईच्या देवळासाठी पगारी पुजारी नेमण्याचा कायदा विधिमंडळाने २०१८ मध्ये संमत केला. त्यावर वाद झाले ते हक्कांचे आणि दक्षिणेचे. पगार घेतल्याने पूजा अपवित्र होते, हा मुद्दा त्यात टिकला नाही. देवाला चालते ते आईला का चालू नये? यावर कुणी म्हणेल, मूर्तीला लाज नसते, आईला असते. आक्षेप खरा आहे. पण तो नेमका कुठे नेतो ते पाहायला हवे.

त्याआधी ऋणाचे पाहू. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणे सांगितली आहेत आणि त्यांतले पितरांचे ऋण संततीने फिटते असे म्हटले आहे. म्हाताऱ्या बापाला आपल्याच हाताने न्हाऊ घालण्याची अट तिथे नाही. ती भावना आपल्याकडे कथांमधून आली, आणि कथा दोन तऱ्हेच्या आहेत. पुंडलिकाच्या कथेत विठ्ठल विटेवर तिष्ठत उभा राहतो, पुंडलिक पाय चेपत राहतो, पण आई-वडिलांना काय हवे होते याचा तिथे उच्चारही नाही. श्रावणबाळाची कथा वेगळी आहे. तीर्थयात्रेची इच्छा आई-वडिलांची, कावड मुलाची. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आचार्योपासनेचे जे विलक्षण वर्णन आहे, त्यातल्या शिष्याला गुरूची सगळी कामे आपण एकट्यानेच करावीत असा ध्यास असतो. मोक्षाच्या वाटेवर तो ध्यास शोभतो. घरात तोच ध्यास शिरला, की 'माझ्याशिवाय आईला कुणी हात लावायचा नाही' असा हट्ट होतो आणि सेवा घेणारीचे मत बाजूला पडते. श्रावणाचे माप मला जास्त खरे वाटते : सेवा कुणाच्या हाताने झाली यापेक्षा ती कुणाच्या इच्छेने चालली, हे पाहावे.

आता लाजेकडे वळू. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी १९६३ मध्ये म्हाताऱ्या माणसाचे स्वावलंबन मोजायला सहा गोष्टी घेतल्या : आंघोळ, कपडे, संडासला जाणे, उठून बसणे-हलणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. या सहांतल्या बहुतेक गोष्टी आपण मोठे झाल्यापासून दार लावून करतो. त्या मुलासमोर किंवा सुनेसमोर कराव्या लागणे अनेकांना परक्या मावशीपेक्षा अवघड जाते, कारण मावशीपुढे वडीलपणा सांभाळायचा नसतो. लाज हा आक्षेप म्हणून पुढे आला, तरी निवाडा तो पगारी हातांच्या बाजूनेही देऊ शकतो. कुणाच्या बाजूने, हे ज्याचे अंग त्याने ठरवायचे. स्वावलंबन ही पाश्चात्त्यांची कल्पना, आपल्यात एकमेकांवर टेकून राहतात, असेही म्हटले जाते. पण वानप्रस्थाची कल्पना इथलीच आहे आणि मुलाच्या संसारात आपला पाट मांडून न बसणे हेच तिचे मर्म. शिवाय दुसऱ्याचा हात लागला की माणूस परावलंबी होतो, हे तालमींच्या या गावात तरी कुणी म्हणू नये. मल्लाला मालिश दुसराच करतो. कुठे दाबायचे आणि कुठे थांबायचे, ते मल्ल सांगतो.

सर्वांत जड आक्षेप उलट बाजूने येतो : पैसेवाल्यांचे ऋण गरिबाच्या अंगमेहनतीने फिटते, ही कसली सेवा? याला सोपे उत्तर नाही. मात्र घरातली 'निःस्वार्थ' सेवा बहुतेक वेळा सून करत आली, आणि तिला कुणी विचारले नव्हते. शाहू महाराजांनी १९१८ ते १९२० या काळात महार वतने रद्द केली, वेठबिगारी बंद केली. जन्माने अंगावर आलेले काम धर्म म्हणून करवून घेता येणार नाही, हे त्या हुकुमांमागचे तत्त्व सुनेलाही लागू आहे. ठरलेला पगार, ठरलेली वेळ आणि नाही म्हणण्याची मुभा असलेले काम वेठीपेक्षा धर्माच्या जवळचे आहे. घरकामगारांसाठी राज्याचा कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, पण कायद्याने मावशीला हक्काची सुट्टी आपोआप मिळत नाही, आणि तिच्या हातातला वेगळा पेलाही जात नाही. 'बाई कुठल्या जातीची?' हा प्रश्न आंघोळीच्या पाण्याआधी विचारला जात असेल, तर बिघाड पगारात नाही, विचारणाऱ्यात आहे. आणि मुलाकडे काय उरते? हिशेब ठेवणे, मावशी बदलायची का हे आईला विचारणे, फोनवर तेच गाऱ्हाणे पुन्हा ऐकणे. हा भाग पगारावर देता येत नाही, आणि खरे तर तोच टाळला जातो.

स्मृती गेलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो, कारण तिथे इच्छेवर सगळे सोडून चालत नाही. औषध, पैसे, दाराची कडी यांचे निर्णय दुसऱ्यालाच घ्यावे लागतात. तरीही इच्छा एका दिवसात पुसली जात नाही. आजचा दिवस किंवा मुलाचे नाव न आठवणारी बाईसुद्धा ही साडी नको, पाणी फार कढत आहे, आधी चहा दे, हे नीट सांगू शकते. तिचे तेवढे म्हणणे चालावे म्हणून मावशीला अर्धा तास जास्त लागणार असेल, तर त्या अर्ध्या तासाचे पैसे मुलाने द्यावेत.